प्लॉट : एका शब्दाचा सातबारा

(प्रस्तावना)

नवी मुंबईतल्या महाविद्यालयात कथा हा साहित्यप्रकार शिकवायला घेण्याआधी मी विद्यार्थ्यांना एक लहानसं काम देते. कोऱ्या चिठ्ठीवर ‘प्लॉट’ या शब्दाचा अर्थ एका ओळीत लिहायचा. नाव घालायचं नाही, पुस्तक उघडायचं नाही. पहिल्यांदा हे केलं तेव्हा माझा हेतू साधा होता : अर्थ गोळा करायचे आणि तिथून कथानकाकडे वळायचं. चिठ्ठ्या घरी आणून वाचल्या. ‘बिल्डिंगच्या पत्त्यात येतो तो नंबर.’ ‘सिनेमाची स्टोरी.’ ‘ग्राफवर काढतात ते.’ ‘बाबा रिटायर झाल्यावर गावाकडे घेणार आहेत तो.’ आणि एका चिठ्ठीवर, बारीक अक्षरात : ‘आजोबांना लागला होता, तो.’

त्या शेवटच्या ओळीत व्याख्या कुठेच नव्हती, तरी बाकी सगळ्या चिठ्ठ्यांपेक्षा ती मला जास्त सांगून गेली. कुणाला लागला, कशाच्या बदल्यात लागला, आणि ‘होता’ म्हणजे आता कुठे गेला? दुसऱ्या दिवशी वर्गात मी कथानक शिकवलं खरं, पण मन त्या ‘होता’पाशी अडून राहिलं. हे पुस्तक तिथून सुरू झालं.

शेतकऱ्याच्या घरात जपून ठेवलेला सातबारा हा दोन नमुन्यांचा जोड असतो. गाव नमुना सात सांगतो की जमीन कुणाची, तिच्यावर कुणाचे हक्क, कुणाचे बोजे. नमुना बारा सांगतो की त्या वर्षी तिच्यात काय पिकलं आणि किती जमीन पड राहिली. शब्दकोश शब्दाचा नमुना सात लिहितात : कुठल्या भाषेतून आला, लिंग कोणतं, नावावर अर्थ किती. त्या कामाबद्दल मला अतोनात आदर आहे. दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे 1932 ते 1938 या काळात निघालेले खंड हाताशी नसते तर माझ्यासारख्यांची निम्मी शिकवणी अडली असती. पण ‘प्लॉट’ या शब्दाचा मला नमुना बाराही हवा होता. कुणाच्या तोंडी या शब्दात काय उगवलं, कुणाच्या तोंडी तो पड राहिला.

आधी त्याचं मूळ गाव पाहू. इंग्रजीत हा शब्द जमिनीचाच. सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत तो जमिनीच्या छोट्या तुकड्यासाठी वापरलेला सापडतो. त्याच्या मागचा धागा कोशकारांना लागलेला नाही. पुढे सोळाव्या शतकात, इंग्लंडात जमिनी मोजून कागदावर उतरवण्याचं काम वाढलं त्या काळात, तुकड्याच्या नकाशालाही प्लॉट म्हणू लागले. माती कागदावर आली. कागदावर आखलेलं म्हणजे आधीच योजून ठेवलेलं, आणि योजना लपून आखली तर तो कट. ‘कॉम्प्लॉट’ या फ्रेंच शब्दाचा या वळणाला हातभार लागला असावा असं मानतात. इंग्लंडच्या संसदेखाली दारूची पिंपं रचून राजाला उडवून द्यायचा जो बेत 5 नोव्हेंबर 1605 रोजी पकडला गेला, तो इतिहासात ‘गनपावडर प्लॉट’ म्हणूनच राहिला.

कथेचा अर्थ सगळ्यात शेवटी, सतराव्या शतकात स्थिरावला. पण त्याचं बी आधीच पडलेलं होतं. शेक्सपिअरच्या काळातल्या नाटकमंडळ्या पडद्यामागे एक मोठा कागद टांगून ठेवत. कोणत्या प्रवेशात कोण आत येणार, हातात काय घेऊन येणार, याची त्यावर टाचणं असत. त्या कागदाला ‘प्लॅट’ किंवा ‘प्लॉट’ म्हणत. असे मोजके कागद आजही जपलेले आहेत आणि त्यांतल्या काहींना खिळ्यावर अडकवण्यासाठी पाडलेलं भोकही दिसतं. त्या भोकाचं वर्णन वाचलं तेव्हा मला मोजणी कार्यालयातला गावनकाशा आठवला. जमिनीच्या नकाशापासून कथेच्या नकाशापर्यंतचं अंतर एका खिळ्याइतकं होतं.

आपल्याकडे हीच गोष्ट दुसऱ्या टोकाने पाहिली गेली. नाट्यशास्त्राच्या परंपरेत कथेला ‘वस्तु’ किंवा ‘इतिवृत्त’ म्हणतात आणि तिच्या पाच अर्थप्रकृतींतली पहिली आहे ‘बीज’. आधी थोडंसं पेरलेलं, मग अनेक अंगांनी पसरत गेलेलं, शेवटी फळाला आलेलं. पाच संधींतला मधला तर ‘गर्भ’च. इंग्रजांनी कथेला जमिनीचं नाव दिलं, आपण बियाण्याचं. कथा म्हणजे काहीतरी रुजणं, हे दोन्हीकडे न सांगता कळलेलं होतं. मराठी नाट्यसमीक्षेने मात्र ‘संविधानक’ हा शब्द घेतला. रचना, जुळवणी या अर्थाचा तो शब्द आज विद्यार्थ्यांसमोर उच्चारला की त्यांना आधी संविधान आठवतं. ‘कथानक’ टिकलं, आणि त्याच्या शेजारी, चित्रपटाच्या आणि मालिकांच्या बोलण्यातून, ‘प्लॉट’ येऊन बसला.

एका शब्दाला अनेक अर्थ असणं ही भाषेची अडचण की तिची श्रीमंती, यावर माणसं फार जुन्या काळापासून विचार करत आली आहेत. या विषयात नव्याने शिरणाऱ्या वाचकासाठी त्या विचाराच्या मोठ्या वाटा थोडक्यात सांगते.

निरुक्तकार यास्काच्या समोरच्या वैदिक शब्दसंग्रहात एका अर्थाचे अनेक शब्द वेगळे आणि अनेक अर्थांचे शब्द वेगळे काढलेले होते. अमरकोशात ‘नानार्थवर्ग’ असा स्वतंत्र वर्गच आहे. पण नुसती यादी करून प्रश्न सुटत नाही. ऐकणाऱ्याला नेमका अर्थ कसा कळतो? याचं शास्त्रकारांचं आवडतं उदाहरण ‘सैंधव’. जेवताना कुणी ‘सैंधव आण’ म्हटलं तर मीठ आणायचं, प्रवासाला निघताना म्हटलं तर घोडा. भर्तृहरीने ‘वाक्यपदीया’त अर्थ ठरवणाऱ्या गोष्टींची मोठी मालिका दिली आहे : शब्दासोबत काय येतं, काय येत नाही, प्रसंग कोणता, जागा कोणती, वेळ कोणती. मिठागरांच्या या किनाऱ्यावर बसून सैंधवाचं उदाहरण शिकवताना मला दरवेळी वाटतं की शब्दार्थात जागेला इतकं महत्त्व देणारा हा वैयाकरण आपल्या फार जवळचा आहे.

युरोपात एकोणिसाव्या शतकात शब्दांचा इतिहास शोधण्याची मोठी लाट आली. ‘ऑक्सफर्ड’च्या इंग्रजी कोशाची पहिली पुस्तिका 1884 मध्ये निघाली आणि काम पुरं व्हायला 1928 उजाडलं, त्यात प्रत्येक शब्दाचे अर्थ ते भाषेत आले त्या क्रमाने मांडले. फ्रान्समध्ये मिशेल ब्रेआल यांनी 1897 च्या आपल्या ग्रंथात या बहुअर्थीपणाला ‘पॉलिसेमी’ हे नाव दिलं. नवा अर्थ आला म्हणून जुना मरत नाही, दोघं एकाच घरात नांदतात, हे त्यांनी ठासून सांगितलं. विसाव्या शतकात प्रश्नाचं तोंड बदललं. विट्गेनस्टाइन यांच्या 1953 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात अर्थांच्या नात्याला कुटुंबातल्या चेहऱ्यांची उपमा आहे : कुणाचं नाक सारखं, कुणाची चालण्याची ढब सारखी, सगळ्यांत समान असं एकच काही नाही. 1970 च्या दशकात एलेनॉर रॉश यांनी दाखवलं की मनातल्या प्रत्येक वर्गाला एक ठळक नमुना असतो आणि बाकीचे सदस्य त्याच्या जवळ-दूर बसतात. जॉर्ज लेकॉफ आदींनी हे शब्दार्थांना लावलं.

या सगळ्यांचं ऋण मान्य करूनही मला एक उणीव जाणवते. अर्थांच्या घराण्यात वडीलधारा कोण, हे माणसागणिक बदलतं. माझ्यासाठी प्लॉटचा ठळक नमुना कथानक होता. चिठ्ठी लिहिणाऱ्या त्या मुलासाठी किंवा मुलीसाठी तो आजोबांचा होता.

मराठीत परक्या शब्दांचं काय करायचं, हा वाद तर आपल्या घरचाच. शिवकाळातल्या ‘राज्यव्यवहारकोशा’ने फार्सी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ चालवली. माधव जूलियन म्हणजे माधवराव पटवर्धन यांनी 1925 मध्ये फार्सी-मराठी कोश केला आणि पुढे भाषाशुद्धीचा पुरस्कारही केला. ज्याने परके शब्द इतक्या मायेने वेचले त्यानेच त्यांना निरोप द्यायची तयारी केली, हे मला नेहमी हलवून टाकतं. भाषा संचालनालयाच्या परिभाषेत प्लॉटचा ‘भूखंड’ झाला. तोही बहुअर्थीच निघाला. शाळेच्या भूगोलात समुद्राखालचा ‘भूखंडमंच’ असतो, आणि बातमीत चाळीस चौरस मीटरचा भूखंड. खंडाएवढ्या शब्दात चाळीस मीटर मावतात.

या वादांत एक गोष्ट सहसा निसटते. उसना शब्द आपल्या सगळ्या अर्थांचा संसार घेऊन येत नाही. एकेका दाराने एकेक अर्थ येतो, आणि काही अर्थ दाराबाहेरच राहतात. कटाचा अर्थ मराठीत रुजला नाही, कारण ‘कट रचणे’ आधीपासून भक्कम उभं होतं. गणिताच्या मराठी पुस्तकात बिंदू ‘स्थापन’ करतात. देव बसवल्यासारखा तो शब्द मला आवडतो, पण इंग्रजी माध्यमाची मुलं ‘प्लॉट’च करतात. जमिनीचा अर्थ आला नगररचनेच्या दाराने. 1898 मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंग्याला वसाहती आखल्या. 1915 मध्ये मुंबई प्रांताचा नगररचना कायदा झाला आणि त्याने मालकाचा ‘मूळ भूखंड’ व योजनेनंतर त्याला मिळणारा ‘अंतिम भूखंड’ असा फरक आणला. पुण्यातल्या जुन्या पत्त्यांत ‘फायनल प्लॉट’ अजून भेटतो. मग गावोगाव शेतांचे ‘प्लॉट पाडणं’ सुरू झालं, एनए (बिगरशेती) आणि गुंठेवारी हे शब्द चहाच्या टपरीवर आले, आणि 2001 मध्ये गुंठेवारीसाठी वेगळा कायदाच करावा लागला.

आणखी एक दार आहे, माझ्या दृष्टीने सगळ्यात मोलाचं. नाशिक-निफाडकडच्या द्राक्ष बागायतदाराला विचारा. ‘यंदा प्लॉट चांगला आहे’ असं तो म्हणतो तेव्हा तो जमिनीबद्दल बोलत नसतो. घड कसे लागलेत, पानं कशी आहेत, डावणीचा रोग आला का, छाटणी केव्हाची, हे सगळं त्या एका शब्दात असतं. टोमॅटोचा प्लॉट, डाळिंबाचा प्लॉट, कृषी विभागाचा प्रात्यक्षिक प्लॉट. तिथे प्लॉट म्हणजे उभं पीक. शब्द जुन्या इंग्रजीतल्या मातीवर परत गेला आणि तिथून पुढे सरकून मातीवर डोलणाऱ्या वेलीला चिकटला. हा अर्थ मला कोणत्याही कोशात भेटला नव्हता. नाशिकच्या एका बागेत, बांधावर उभं राहून, पहिल्यांदा कळला.

नवी मुंबईत हाच शब्द पीक थांबल्यावर सुरू होतो.

ठाणे-बेलापूर पट्ट्यात औद्योगिक विकास महामंडळाच्या कारखान्यांचे क्रमांक 1960 च्या दशकात पडायला लागले. 1965 मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी ‘मार्ग’ या नियतकालिकातून खाडीपलीकडे नवं शहर वसवण्याची कल्पना मांडली. 17 मार्च 1970 रोजी त्यासाठी सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि आजच्या ठाणे व रायगड जिल्ह्यांतल्या 95 गावांची जमीन, सुमारे 344 चौरस किलोमीटरचं क्षेत्र, नव्या शहरासाठी निश्चित झाली. इथली माणसं तोवर जमिनीला अनेक नावांनी हाक मारत होती : भाताचं खाचर, भरतीचं पाणी अडवून बांधलेलं खाजण, मिठागर, बांधालगतची पट्टी, गावठाण. प्रत्येक नावात पाणी किती आणि मीठ किती हे आपोआप येई. ‘प्लॉट’ने ही सगळी नावं एका चौकटीत घातली आणि चौकटीवर क्रमांक लिहिला. इंग्रजीत मातीवरून कागदावर यायला कित्येक शतकं लागली. इथे कागद आधी आला, आणि माती त्याच्या मापाने भरावाखाली गेली.

16 आणि 17 जानेवारी 1984 रोजी उरण तालुक्यात भूसंपादनाविरुद्धच्या आंदोलनावर पोलिसांचा गोळीबार झाला आणि पाच माणसं हुतात्मा झाली. जासईचे दि. बा. पाटील त्या लढ्याचे नेते. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन मूळ मालकाला परत, ही योजना या लढ्याचं फळ. 1990 आणि 1994 च्या शासन निर्णयांनी ती आकाराला आली. तिचं गणित मी वर्गात फळ्यावर मांडते. एक एकर म्हणजे 40 गुंठे. त्याचे साडेबारा टक्के म्हणजे 5 गुंठे. त्यातून सामाजिक सुविधांसाठी तीस टक्के वजा. हातात उरतात साडेतीन गुंठे, सुमारे 354 चौरस मीटर, आणि तेही साठ वर्षांच्या भाडेपट्ट्याने. चाळीसातले साडेतीन. हिशेब संपला की वर्गात थोडा वेळ कुणी बोलत नाही.

तरीही ‘साडेबाराचा प्लॉट’ हे शब्द इथल्या घराघरांत ज्या जिव्हाळ्याने उच्चारले जातात, तो जिव्हाळा मी खोटा मानणार नाही. तो लढून मिळवलेला आहे. त्या प्लॉटभोवती अख्खी बोली तयार झाली : पात्रता, फाईल, इरादापत्र, सोडत, ताबा, बिल्डरसोबतचा त्रिपक्षीय करार, दीड एफएसआय (चटईक्षेत्र निर्देशांक). जासई-करंजाडेकडची म्हातारी माणसं ‘एफएसआय’ हा शब्द हवामानाच्या शब्दांइतक्या सहज वापरतात. आणि याच गावांत गावठाणाबाहेर वाढत्या कुटुंबांनी बांधलेली घरं आहेत, ज्यांना सगळे ‘गरजेपोटीची घरं’ म्हणतात. तिथे घर आहे, चूल आहे, तुळस आहे; प्लॉट नंबर नाही.

कोरिया यांनी बेलापूरला 1980 च्या दशकात आखलेली वसाहत मी विद्यार्थ्यांना आवर्जून दाखवायला नेते. सात घरं एका लहान अंगणाभोवती, आणि प्रत्येक घराला स्वतःचा तुकडा, शेजाऱ्याशी भिंत सामायिक नाही, म्हणजे ज्याला जसं जमेल तसं वाढवता यावं. आज तिथली बरीच घरं मूळ आराखड्यावरून ओळखता येत नाहीत. काहींना ती बिघडलेली वाटतात. मला वाटतं, तिथे प्लॉटचे दोन अर्थ एकत्र आले : जागा दिली गेली आणि पुढची गोष्ट राहणाऱ्यांनी रचली. ई. एम. फॉर्स्टर यांनी 1927 च्या आपल्या कादंबरीविषयक व्याख्यानांत कथा आणि कथानक यांत फरक केला : एकामागून एक काय घडलं ही कथा, कशामुळे घडलं हे कथानक. नवी मुंबईची कथा फलकांवर, माहितीपत्रकांवर सगळीकडे आहे. कशामुळे, हे गावांत जाऊन विचारावं लागतं.

विचारण्याची वेळही हीच आहे. विमानतळासाठी जी गावं उठली त्यांच्या वाट्याला साडेबावीस टक्क्यांची योजना आली. विमानतळाभोवतीच्या ‘नैना’ या नियोजन क्षेत्रात नगररचना परियोजना आखल्या जात आहेत, आणि जमिनीचा 40 टक्के हिस्सा ‘अंतिम भूखंड’ म्हणून परत, ही भाषा पनवेल तालुक्याच्या नव्या गावांत पोचली आहे. 1915 च्या कायद्यातला शब्द शंभराहून अधिक वर्षांनी नव्या घरात शिरतो आहे. खाचर आणि खाजण यांतला फरक अंगावर झेललेली पिढी आता ऐंशीच्या घरात आहे. त्यांचे शब्द आज टिपले नाहीत तर उद्या फक्त क्रमांक उरतील.

म्हणून या पुस्तकात भाषाशास्त्राचे लेख आहेत आणि त्यांच्या शेजारी आठवणीही आहेत. मोजणीदाराची भाषा आहे, नाटकाच्या तालमीतली भाषा आहे, द्राक्षबागेतली आहे, आणि ज्यांच्या सातबाऱ्यावर आज आपलं नाव नाही त्यांचीही आहे. एका शब्दावर इतकी पानं खर्च करावीत का, असं काहींनी विचारलं. मला पानं कमीच पडली. भूसंपादन योग्य की अयोग्य याचा निवाडा इथे केलेला नाही; माझं मत लपलेलंही नाही, ते वाचकाला सापडेल. लेखकांना मी एकच अट घातली होती : शब्दाचा अर्थ सांगताना तो कुणी, कुठे उभं राहून उच्चारला हे सांगायचंच.

शुद्धलेखनाबद्दल एक खुलासा. छापील मजकुरात आणि सरकारी कागदांत ‘प्लॉट’ आहे तसा ठेवला आहे. पण गावांतल्या अनेक ज्येष्ठांनी बोलताना ‘पलाट’ म्हटलं, काहींनी ‘पिलाट’. मुद्रितशोधनात ते दोनदा ‘सुधारून’ आले आणि दोन्ही वेळा मी ते परत फिरवले. ज्या पानावर ‘पलाट’ आहे तिथे तो तसाच वाचावा, मोठ्याने वाचता आला तर अधिक बरं.

— नवी मुंबई